उलट्या दिशेचा अर्ज

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात कुणाची मोटार जळली, पंखा बसला, मिक्सीतून धूर आला, की पाय आपोआप दत्तोजीरावांच्या दुकानाकडे वळायचे. दुकान म्हणजे आठ बाय बाराची खोली, वर पत्रा, दाराला शटर आणि आत वार्निशचा असा वास, की नवख्या माणसाचं डोकं धरावं. जळलेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार कापून काढायची, किती वेढे होते ते मोजायचं आणि नवी तांब्याची तार तेवढेच वेढे देऊन भरायची, हा त्यांचा धंदा. वाइंडिंगवाले दत्तोजीराव म्हटलं की देवराज मोहल्ल्यापर्यंत लोक ओळखत.

त्यांची एकुलती एक मुलगी पवित्रा त्या वासातच वाढली. शाळा सुटली की दप्तर घरात भिरकावून ती थेट दुकानात, अप्पांच्या शेजारच्या स्टुलावर. आठवीत असताना तिनं मिक्सीचा पहिला आर्मेचर एकटीनं भरला. आर्मेचर म्हणजे मिक्सीच्या आत फिरतो तो भाग. त्याला केसासारखी बारीक तार. एक खाच चुकली की सगळं उसवा आणि पुन्हा पहिल्यापासून या. भल्याभल्यांच्या नाकीनऊ येतात त्यात. पोरगी जीभ दाताखाली धरून बसायची आणि भरून टाकायची.

मोहल्ल्यात बोलायचे लोक, मुलीच्या जातीला हे काय काम म्हणून. बोलोत बिचारे. बोलणाऱ्यांच्याच मिक्सी तिच्या हातच्या होत्या, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. कारण खरी गोष्ट ही, की दत्तोजीरावांच्या डोळ्यांचं शुगरनं वाटोळं केलं होतं. रस्ता दिसायचा, माणूस दिसायचा, मोठ्या मोटारीची जाड तार हातानं चाचपून जमायची, पण बारीक तार गेल्या चार वर्षांत त्यांना दिसलेली नव्हती. बारीक काम सगळं पवित्रा करायची. गिऱ्हाईक आलं की ती उठून मागे व्हायची आणि दत्तोजीराव पुढे होऊन म्हणायचे, ‘झालंय बघा तुमचं.’ ही गोष्ट घरातल्या तिघांपलीकडे कुणाला माहीत नव्हती.

बारावी झाली, सीईटीचा रँक आला, बराच बरा आला. पवित्राचं ठरलेलं होतं, इलेक्ट्रिकल. तिनं कधी बसून ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलेलं होतं. सरकारी वेबसाइटवर आवडीची यादी भरायची असते, कुठलं कॉलेज, कुठली शाखा, पहिली कुठली, दुसरी कुठली. तिनं पहिल्या सहाही जागी इलेक्ट्रिकल टाकलं. तात्पुरता निकाल लागला तेव्हा शहराबाहेरच्या एका चांगल्या कॉलेजात तिला तेच मिळत होतं. ती निर्धास्त झाली आणि आईबरोबर सरगूरला गेली.

सरगूरला का, तर आषाढातली ओटी. ह्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते, त्यातल्या एकाला सरगूरजवळ जमीन मिळाली, तिथं कुळाची देवी बसली. आता जमीन मालोजीराव नावाच्या चुलत्याच्या घराण्याकडे, पण वर्षातून एकदा आषाढात घरातल्या झाडून सगळ्या बायका-मुली तिथं तीन दिवस राहतात. आणि रीत अशी कडक, की त्या तीन दिवसांत बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. फोन तर हळदीकुंकवाच्या आधीच काढून ठेवायचे. कुणी मोडली ही रीत, असं आजवर झालं नाही. म्हैसुरात घरी राहतात ते फक्त पुरुष.

आणि पुरुष रिकामे बसले की काय होतं? इथे दत्तोजीरावांचे थोरले भाऊ रणोजीराव आले. रणोजीराव सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, शेजारच्याच गल्लीत राहायचे. घरात कुणाचा फॉर्म भरायचा असो, दाखला काढायचा असो, काका पुढे. माणूस वाईट नाही हो, अगदी मनानं चांगला. म्हणून तर घात झाला. यादी पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, की पोरीच्या रँकला त्याच कॉलेजात काम्पुटर सायन्ससुद्धा बसतंय! त्यांना वाटलं, लेकरानं घाबरून मागितलंच नाही.

‘दत्तू,’ ते म्हणाले, ‘काम्पुटर मिळत असताना मोटारी कशाला? आपल्या पोरीला हे मिळतंय असं कुणी सांगितलं नसेल पाहा. स्वल्प वर सरकवू या.’

दत्तोजीरावांच्या फोनवर ओटीपी आला. डोळ्यांमुळे तो त्यांना वाचता येईना, काकांनीच वाचला, काकांनीच घातला. काम्पुटर सायन्स वर गेलं. बदल करायची मुदत त्याच संध्याकाळी संपली. पवित्रा तेव्हा सरगूरला देवीपुढं नारळ फोडत होती.

दोघी परत आल्या तेव्हा काका मिठाईचा बॉक्स घेऊन दारातच उभे. पवित्राच्या तोंडात त्यांनी अख्खा लाडू कोंबला आणि मग काम्पुटर मिळाल्याची बातमी सांगितली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिनं अप्पांकडे पाहिलं. दत्तोजीरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. असा आनंद तिनं त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

‘माझी पोरगी एसीत बसणार,’ ते म्हणाले. ‘हात काळे होणार नाहीत.’

तिला राग आला. असा राग आला की लाडू गिळवेना. पण त्या चेहऱ्याकडे बघून काय बोलणार? तिनं एवढंच म्हटलं, ‘मी इलेक्ट्रिकल टाकलं होतं की, काका.’

‘ते आय्तु, झालं आता,’ काका म्हणाले. ‘ह्याच्यापुढं इलेक्ट्रिकल काय!’

आणि संपलं. पवित्रा मुळात बोलणारी नव्हे. ज्या घरात हातानं काम करतात तिथं आवडतं-नावडतं असल्या गोष्टींवर बोलायची पद्धत नसते. भाजी आवडली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायची, एवढंच बोलणं.

कॉलेज सुरू झालं. सकाळी सात वाजता बस. बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून त्या बसमध्ये उभं राहायलासुद्धा नशीब लागतं. आधार कार्ड हातात, बॅग पोटाशी आणि गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. वर्गात सत्तर मुलं. त्यांतली निम्मी पहिल्या दिवसापासून पॅकेजच्या गोष्टी करत होती. पवित्राला पॅकेज म्हटलं की दुकानातलं बेअरिंगचं खोकं आठवायचं.

त्यातच कन्नडची गंमत. ॲडमिशनच्या फॉर्मवर मातृभाषा विचारली होती, दत्तोजीरावांनी अभिमानानं मराठी लिहायला लावलं. झालं! कन्नड न येणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग असतो, पोरगी त्यात पडली. लष्कर मोहल्ल्यात जन्मलेली, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालणारी मुलगी बिहार आणि दिल्लीच्या मुलांबरोबर बसून ‘माझं नाव अमुक, मला पाणी हवं’ एवढंच कन्नड शिकू लागली. ऑफिसात जाऊन सांगितलं तर क्लार्क म्हणाला, एकदा कम्प्युटरवर चढलं ते चढलं. शेजारी मिलिंद नावाचा नागपूरचा मुलगा बसायचा. मराठी ऐकायला मिळणार म्हणून त्याला कोण आनंद! पण पवित्रा दोन वाक्यं बोलली आणि तो खो खो हसला. ‘ही कुठली मराठी गं?’ तिनं त्यानंतर त्याच्याशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं.

ही झाली हसायची गोष्ट. हसण्यासारखं नव्हतं ते लॅबमध्ये. काचा बंद, एसी चालू, सत्तर स्क्रीन आणि सत्तर डोकी. सांगितलेलं टाइप करायचं, चुकलं की लाल ओळी येतात, बरोबर आलं की दोन आकडे दिसतात. हाताला काही लागत नाही. वास नाही, वजन नाही, गरम झालं का म्हणून तळहात ठेवून पाहायची सोय नाही. तिला ते जमत नव्हतं असं नाही. जमत होतं, आणि तीच तर पंचाईत. नापास झाली असती तर चार लोक म्हणाले असते, नाही झेपत लेकराला. ती आपली पास होत होती आणि आतल्या आत कोंडली जात होती. चार वर्षं, मग नोकरीची चाळीस वर्षं, सगळी ह्याच खोलीत. हा हिशोब मनात आला की ती पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहायची.

पहिल्या सेमिस्टरला इलेक्ट्रिकलची तोंडओळख म्हणून एक विषय होता. शिकवायला श्रीविद्या मॅडम, चाळिशीच्या, आवाज खणखणीत. एकदा प्रयोगाची मोटार सुरू होईना. मदतनीस स्विच बदलून दमला. पवित्रा मागच्या रांगेतून पुढे आली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, ‘मॅम, बंद करा. स्टार्टिंगचं वाइंडिंग गेलंय. दोन मिनिटांत धूर येईल.’ मॅडमनी बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिली तर पोरीचं खरं.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ‘कोण गं तू? कुठून शिकलीस?’

पवित्रानं अप्पांच्या दुकानाचं सांगितलं. अप्पांच्या डोळ्यांचं नाही सांगितलं.

‘मग काम्पुटरला काय करतेस?’

ह्या प्रश्नावर पवित्राला एकदम रडू आलं. का आलं ते तिलाही कळेना. मॅडमनी टिश्यू पुढे केला आणि ती आवरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी एक नियम सांगितला. पहिलं वर्ष संपलं की एकदाच शाखा बदलता येते. जागा रिकामी हवी, एकही विषय राहिलेला नको, आणि गुणांच्या यादीत वरचा नंबर हवा.

‘आमच्याकडून काम्पुटरला जायला दरवर्षी रांग लागते,’ मॅडम म्हणाल्या. ‘तिकडून इकडं यायला नऊ वर्षांत कुणी आलेलं नाही. तू आलीस तर मी जागा धरून ठेवते म्हणणार नाही, तसं धरता येत नाही. पण गुण आण. गुण असले तर तुला कुणी अडवू शकत नाही.’

ते ऐकून तिला दिवस निघाल्यासारखं झालं. पण गंमत पाहा, सुटायचं तर कशातून? काम्पुटरमधून. आणि त्यासाठी काय करायचं? काम्पुटरमध्येच पहिलं यायचं! दुसऱ्या सेमिस्टरला सी प्रोग्रॅमिंगचा विषय छातीवर बसलेला. पवित्रानं कंबर कसली. वर्गातली वाणी, जिला त्या लाल ओळी स्वप्नातसुद्धा सुधारता येत, तिच्या मागे मागे फिरून ती शिकली. बसमध्ये उभ्या उभ्या वही वाचायची. लॅब संपल्यावर वॉचमन कुलूप घेऊन येईपर्यंत उठायची नाही. नावडत्या माणसाची इतकी सेवा कुणी केली नसेल. आणि पहाटे साडेपाचला, बसच्या आधी, दुकानाचं शटर अर्धं वर करून दोन-तीन आर्मेचर भरून ठेवायची. तो एक तास तिचा स्वतःचा होता. त्या तासात तिला भूक लागायची, गाणं सुचायचं, सगळं व्हायचं.

निकाल लागला. सीमध्ये वर्गात दुसरी, एकूण दहापैकी साडेनऊ! पवित्राच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट, सुटले.

पण घरात काय झालं? काकांनी त्या निकालाच्या दहा प्रती काढल्या. एक देवापुढं ठेवली, एक मोहल्ल्याच्या वाचनालयात नेऊन दाखवली, बाकीच्या नात्यात वाटल्या. ‘मी म्हटलं नव्हतं? पोरीचा कल मी ओळखला होता. तिला स्वतःला कळत नव्हतं, मला कळलं!’ आई भवानीबाईनं हळदीकुंकू केलं, आल्यागेल्या बायकांना तेच सांगितलं. दत्तोजीराव दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढं बसून नुसते हसत राहिले. जिच्या जोरावर बाहेर पडायचं तो प्रत्येक मार्क तिनं घाम गाळून मिळवला, आणि त्याच मार्कांची घरच्यांनी आता भिंत बांधली. तिला वाटलं, डोकं आपटून घ्यावं.

अर्जाचा शेवटचा दिवस शुक्रवार, दुपारी चार. इलेक्ट्रिकलला दोन जागा रिकाम्या होत्या, यादीत पवित्रा पहिली. फक्त पालकानं प्रिन्सिपॉलच्या ऑफिसात समक्ष येऊन सही करायची, आणि पालक म्हणून कॉलेजात नाव होतं दत्तोजीरावांचं. गुरुवारी संध्याकाळी ती दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं अर्ज त्यांच्या मांडीवर ठेवला आणि वाचून दाखवला. कारण लिहायच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘करियरच्या चांगल्या संधी.’ सगळे हेच लिहितात असं वाणीनं सांगितलं होतं.

दत्तोजीरावांनी पहिल्यांदा ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, ‘हे कुठलं खूळ गे? काम्पुटर सोडून?’

‘अप्पा, ह्यातसुद्धा नोकऱ्या आहेत. वीज कंपनीत जागा निघतात. सरकारी.’

‘साडेनऊ मिळालेत तुला.’

‘तिथंही मिळतील.’

‘आणि मग काय? मोटारी उघडणार? माझ्यासारखी?’

‘इंजिनियर होईन अप्पा, वाइंडिंगवाली नाही. गाड्या सगळ्या आता बॅटरीवर येतायत, त्यात मोटारीच तर लागतात.’ हे तिनं नीट पाठ करून आणलं होतं. श्रीविद्या मॅडमनी सांगितलेला पगार सांगितला, कंपन्यांची नावं सांगितली. एवढं ती आयुष्यात बोलली नव्हती. दत्तोजीराव दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. नखांच्या कडा वार्निशनं काळ्या, त्या साबणानं कधी निघाल्याच नाहीत.

त्यांनी विचारलं, ‘डोळ्यांमुळे करतेयस का हे? माझ्या?’

‘नाही अप्पा.’

‘दुकान चालावं म्हणून?’

‘नाही म्हटलं ना.’

ते उठून शटरपाशी गेले आणि म्हणाले, ‘बरं. उद्या तीनला येतो कॉलेजात.’

पवित्राला हर्ष झाला, इतका की घरी जाऊन तिनं तीन वेळा भात वाढून घेतला. भवानीबाईनं विचारलं, आज काय विशेष, तर नुसती हसली.

शुक्रवारी तीन वाजता ती प्रिन्सिपॉलच्या ऑफिसाबाहेर बाकावर बसली. सव्वातीन. बस उशिरा असेल. साडेतीन. फोन लावला, बंद. अप्पांचा फोन कधी बंद नसायचा, गिऱ्हाइकांचे फोन येतात. आईला लावला.

‘अप्पा कुठं आहेत?’

‘दुकानात असतील की गे.’

‘तू ये आई. रिक्षा कर आणि ये. सही हवी.’

‘कसली सही? अप्पांना विचारल्याशिवाय मी कशी येऊ?’

श्रीविद्या मॅडम दोनदा येऊन बघून गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी क्लार्कला विचारलं, मुलीचे वडील सोमवारी आले तर? क्लार्कनं डोकं हलवलं. चार वाजता त्यानं अर्जांचा गठ्ठा बांधला, पवित्राच्या डोळ्यांदेखत गाठ मारली आणि आत नेला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पवित्रा तो हात तसाच राहू देऊन उठली आणि चालायला लागली.

लष्कर मोहल्ल्यात पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. दुकानापुढं मालाची रिक्षा उभी. रिक्षात वेढे मोजायचं मशीन, लाकडी साचे, तारेची रिळं, वार्निशचे डबे, टेबलसुद्धा. सरगूरचा प्रणेश, जो तिथं वाइंडिंगचं दुकान चालवायचा आणि अधूनमधून सामान न्यायला यायचा, तो दोरी आवळत होता. दत्तोजीराव मोकळ्या दुकानाच्या दारात उभे होते.

‘अप्पा, हे काय?’

‘दिलं,’ ते म्हणाले. ‘सगळं दिलं प्रणेशला.’

‘मी तीनपासून बसले होते तिथं!’ ती ओरडली. भर रस्त्यात ओरडली, समोरचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला. ‘येतो म्हणालात. खोटं बोललात माझ्याशी. तुम्ही!’

‘हो, बोललो. नाही म्हटलं असतं तर तू ऐकली असतीस?’ त्यांचा आवाज शांत होता. बरेच दिवस ठरवलेलं बोलतात तसा. ‘पाच वर्षं माझं काम तू करतेयस. गिऱ्हाइकांना मी फसवलं, त्याचं काही नाही. तुला अडकवलं मी. पहाटे येऊन बसतेस, मला काय आवाज येत नाही? दुकान आहे तोवर तू ह्याच्याभोवती फिरणार. इलेक्ट्रिकल कर नाहीतर काहीही कर, शेवटी इथंच येऊन बसणार, म्हाताऱ्याची तार भरायला. म्हणून काढून टाकलं. हेब्बाळला एका फॅक्टरीत स्टोअरमध्ये बसायचं काम बघितलंय, सोमवारपासून. तिथं बारीक बघावं लागत नाही. आता तुझ्या मागे काही नाही. तू पुढं जा.’

प्रणेशनं रिक्षा सुरू केली. जाताना हात केला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पवित्रा भिंतीला टेकली. रडण्याच्याही पलीकडे गेलं होतं ते.

‘तुमच्यासाठी नव्हतं हो, अप्पा,’ ती म्हणाली. ‘मला आवडतं.’

‘काय आवडतं?’

‘हे. तार भरायला. मोटार पहिल्यांदा सुरू होते तेव्हा. मला ह्याच्याशिवाय दुसरं काही आवडतच नाही.’

दत्तोजीराव हसले. लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तसं. ‘हे कुणाला आवडतं गे? पोट भरायला करतात हे. मी तीस वर्षं केलं, मला एक दिवस आवडलं नाही.’

‘मला आवडतं,’ ती पुन्हा म्हणाली.

आता त्यांचं हसणं थांबलं. ते जवळ आले, तिचं तोंड नीट दिसावं म्हणून अगदी जवळ, आणि बघत राहिले. त्यांना जे दिसायचं ते दिसलं असावं. कारण हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

‘एकदा तरी बोलायचं होतंस,’ ते म्हणाले. ‘काल नोकऱ्या सांगितल्यास, पगार सांगितलास, गाड्या सांगितल्यास. हे का नाही सांगितलं?’

वर्षभरात हे एक वाक्य पवित्रानं कुणालाच सांगितलं नव्हतं, ना काकांना, ना मॅडमना, ना अर्जाला. ते सांगायचं असतं असं तिला कधी वाटलंच नाही.

‘किती वाजता बंद होतं ऑफिस?’ दत्तोजीरावांनी विचारलं.

‘चारला.’

‘सोमवारी जाऊन पाया पडतो मी.’

‘विचारलं मॅडमनी. नाही म्हणाले. आणि सोमवारी तुमचं काम आहे.’

त्यांनी फोन काढला, चालू केला, डोळ्यांशी नेऊन प्रणेशचं नाव शोधू लागले. सापडेना. त्यांनी फोन तिच्या हातात दिला. पवित्रानं नाव काढलं आणि लावला नाही. लावून करणार काय? मशीन परत आलं तरी इलेक्ट्रिकलची जागा परत येणार नव्हती. तिनं फोन त्यांच्या खिशात ठेवला आणि शटर ओढलं.

सोमवारी तिसरं सेमिस्टर सुरू झालं. भवानीबाईनं दोन डबे भरले. पावणेसातला बाप-लेक एकदमच घरातून निघाले, स्टॉपवर शेजारी शेजारी उभे राहिले. दत्तोजीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसचे नंबर त्यांना वाचता येत नव्हते, ते तिनं वाचले. त्यांची बस आधी आली.

‘ही तुमची, अप्पा,’ ती म्हणाली.

ते चढले. खिडकीतून त्यांनी तिच्या दिशेनं हात केला, जरा चुकीच्या बाजूला. मग तिची बस आली.